पोची पत्रं आणि संपादकांची पोच

निळी_शाई
गेले तीन महिने रोज रात्री झोपण्याआधी एडगर अ‍ॅलन पो या जुन्या अमेरिकन लेखकाची दोन-तीन पत्रं वाचते आहे. कथा-कविता कॉलेजात असताना वाचल्या होत्या, पत्रांकडे कधी वळले नव्हते. भूत, थडगं, दारू, वेड अशी जी या माणसाची ओळख आपल्या डोक्यात बसलेली असते, ती या पत्रांत फार थोडी सापडते. सापडतो तो कथा घेऊन दारोदार फिरणारा, पानांचा हिशोब मांडणारा, "उलट टपाली कळवा" अशी विनंती करणारा लेखक. मी स्वतः वीस वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवते, त्यामुळे काही पत्रं वाचताना पोटात कालवतं.

एका पत्राने, खरं तर पत्रांच्या जोडीने, मला अडवून ठेवलंय. म्हणून हा धागा.

४ जून १८४२, फिलाडेल्फिया. त्या एकाच दिवशी पोने दोन संपादकांना लिहिलं. एक बॉस्टनचे जॉर्ज रॉबर्ट्स, दुसरे बाल्टिमोरचे जोसेफ स्नॉडग्रास. दोन्ही पत्रांचा विषय एकच, 'द मिस्टरी ऑफ मारी रोजे' ही नुकतीच लिहून झालेली कथा. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सिगारच्या दुकानात काम करणारी मेरी रॉजर्स ही मुलगी हडसन नदीत मेलेली सापडली होती. तो सगळा मामला पोने पॅरिसला नेला आणि आपल्या कथांमधल्या द्युपँ या गुप्तहेराकडून त्याचा उलगडा करवला. दोन्ही पत्रांत सांगितलंय की कथा 'ग्रॅहम्स मॅगझिन'ची पंचवीस पानं भरेल, नेहमीच्या दराने तिचे १०० डॉलर होतात.

आता खरी गोष्ट. रॉबर्ट्सना लिहिलंय की काही कारणांनी, जी सांगायची गरज नाही, ही कथा बॉस्टनमध्ये छापून यावी अशी माझी इच्छा आहे, तुम्हाला ५० डॉलरला देईन. स्नॉडग्रासना लिहिलंय की काही कारणांनी, जी पुढे कधीतरी सांगेन, ही कथा बाल्टिमोरमध्ये यावी अशी माझी इच्छा आहे, तुम्हाला ४० ला देईन.

माझा प्रश्न एवढाच. ही लबाडी म्हणायची की नाइलाज? नुसतं "मोठ्या लेखकाला सगळं माफ" असं उत्तर नको. तुमच्यापैकी जे लिहितात, छापतात, विकतात, त्यांनी मनापासून सांगा.

माजघर
काय सुंदर विषय काढलास! वाचते आहे. मला यातलं फारसं कळत नाही, पण ती दोन वेगळी वाक्यं, "सांगायची गरज नाही" आणि "पुढे कधीतरी सांगेन", वाचून चर्रर्र झालं. स्नॉडग्रास मित्र असणार, म्हणून त्याला तेवढं वचन दिलं, असं वाटतं.

खिळेजुळारी
लबाडीच.

थोडं सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत मी भाजलेला माणूस आहे. एका दिवाळी अंकाचं काम मी बारा वर्षं पाहिलं. खिळ्यांच्या जमान्यापासून ते डीटीपीपर्यंत. एका वर्षी आमच्या अंकातली पहिली कथा, जिच्यासाठी आम्ही चित्रकाराकडून खास चित्र काढून घेतलं होतं, ती जशीच्या तशी दुसऱ्या अंकात छापून आली. दोन्ही अंक एकाच दिवशी स्टॉलवर. वाचकांची पत्रं आम्हाला आली. आम्ही त्या कथेला सोळा पानांचा अख्खा फॉर्मा दिला होता. त्यासाठी दोन नव्या मुलांच्या कथा मागे ठेवल्या होत्या, त्या मुलांची नावं मला अजून आठवतात. लेखक म्हणाले, "तुमचं उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून तिकडे दिली." अहो, मग एक कार्ड टाकायचं होतं!

लेखक अडचणीत असतो हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जाते, आणि तो दुसरा माणूसही बहुधा गरीबच असतो.

रानवारा
थोडक्यात, पोला पोच मिळाली नाही 😀

निळी_शाई
@रानवारा, हे वाक्य डोक्यात होतं, लिहायचा धीर होत नव्हता. धाग्याचं नाव बदललं बघा.

@खिळेजुळारी काका, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. मागे राहिलेल्या त्या दोन मुलांचा विचार मी केलाच नव्हता.

टपालवाला
टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली, म्हणून माझ्या बाजूने चार ओळी. त्या काळचा दर पाहिल्याशिवाय या पत्रांचा न्याय करू नका.

१८४५ च्या आधी अमेरिकेत टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर होता. ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत पावणेएकोणीस, त्यापुढे २५. हे एका कागदाचे. दोन कागद घातले की दुप्पट. पाकीटसुद्धा एक कागद धरला जायचा, म्हणून लोक पाकीट वापरतच नसत. कागदाची घडी घालायची, बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता लिहायचा, लाखेने नाहीतर चिकटीने बंद करायचं. शिवाय टपाल खात्याचं देशभर चालणारं तिकीट तिथे १८४७ पर्यंत नव्हतं. पैसे बहुधा घेणारा भरायचा, म्हणजे आपल्याकडच्या नॉटपेड पत्रासारखं, फक्त दंड नाही.

आता हिशोब करा. फिलाडेल्फिया ते बाल्टिमोर शंभर मैलांच्या आसपास, एका कागदाचे साडेबारा सेंट. बॉस्टन तीनशेच्या आसपास, पावणेएकोणीस. पंचवीस छापील पानांची कथा हाताने लिहिली तर किती कागद होतील? ते बाड टपालाने दोन ठिकाणी पाठवायचं तर?

म्हणजे मुद्दा असा की ४ जूनला पोने कथा दोघांना पाठवलीच नाही. विचारणा पाठवली. हस्तलिखित त्याच्याच टेबलावर होतं.

खिळेजुळारी
टपालवाले साहेब, हे मला माहीत नव्हतं. विचारणा दोन जागी करणं यात गैर काही नाही, तेवढं मागे घेतो. आमच्याकडेही लेखक आधी फोन करून विचारायचे.

पण ते वाक्य राहतंच. "मला बॉस्टनमध्येच हवी आहे" आणि "मला बाल्टिमोरमध्येच हवी आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असू शकत नाहीत. नुसतं "कथा तयार आहे, ५० डॉलरला देतो" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

उजवा_समास
मी प्रकाशन व्यवसायात आहे. काका, तुमच्या वाक्यावर एक दुकानदाराचं उत्तर देतो. १०० ची वस्तू ५० ला विकताना गिऱ्हाइकाला कारण द्यावं लागतं, नाहीतर त्याला वाटतं माल खराब आहे. "खास तुमच्या शहरात यावी" हे ते कारण. त्या वसंतात पोने 'ग्रॅहम्स'मधली संपादकाची नोकरी सोडली होती. तिथे त्याला वर्षाला ८०० डॉलर पगार होता, तो बंद झालेला. जानेवारीत बायकोला, व्हर्जिनियाला, गाताना रक्ताची गुळणी आली होती. घरात क्षयाची पेशंट, पगार बंद, हातात एक लांबलचक कथा. तो नड लपवत होता. "मला पैशांची फार गरज आहे" असं लिहिलं असतं तर रॉबर्ट्सने २० च दिले असते.

माजघर
रक्ताची गुळणी गाताना आली? अरेरे. किती वर्षांची होती?

उजवा_समास
एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर पाच वर्षं आजारपणातच गेली, १८४७ च्या जानेवारीत वारली.

मेरीलँडकर
मी बाल्टिमोरपासून पाऊण तासावर राहतो. पो १८३३ च्या सुमारास जिथे राहत होता ते अ‍ॅमिटी स्ट्रीटवरचं घर आता संग्रहालय आहे. आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. विटांचं अगदी चिंचोळं घर. माळ्यावरच्या खोलीकडे जाणारा जिना इतका अरुंद आणि वळणाचा की बाबांना आडवं होऊन चढावं लागलं. वर छत उतरतं, दाराशी उभं राहिलं की डोकं लागतं. आई म्हणाली, "आपल्या गिरगावातल्या पोटमाळ्यासारखं आहे रे." त्या घरात आत्या, तिची अंथरुणाला खिळलेली आई, मुलगी आणि पो राहत होते.

त्याच काळातलं एक पत्र मला पाठ झालंय, धाग्यात यायलाच हवं. 'बाल्टिमोर सॅटर्डे व्हिजिटर'ने १८३३ मध्ये स्पर्धा घेतली, कथेला ५० डॉलर आणि कवितेला २५. पोच्या 'एमएस. फाउंड इन अ बॉटल'ला कथेचं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एक होते जॉन पेंडल्टन केनेडी, वकील आणि कादंबरीकार. पुढे मार्च १८३५ मध्ये केनेडींनी पोला जेवायला बोलावलं. पोने लिहिलं की तुमचं आमंत्रण माझ्या काळजाला लागलं, मी येऊ शकत नाही, आणि त्याचं कारण माझ्या अंगावरच्या अवताराशी संबंधित, अत्यंत लाजिरवाणं आहे. कपडे नव्हते! त्याच पत्रात २० डॉलर उसने मागितले आहेत.

केनेडींनी कपडे दिले, घरचं ताट कायमचं मोकळं केलं, व्यायामाला घोडासुद्धा दिला. पो गेल्यावर त्यांनी हे डायरीत टिपून ठेवलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर'च्या टी. डब्ल्यू. व्हाइट यांच्याशी त्याची गाठ घालून दिली. पोची संपादकीय नोकरी तिथूनच सुरू झाली.

@उजवा_समास, म्हणून मला तुमचं म्हणणं पटतं. १८३५ मध्ये त्याने खरी नड मोकळेपणी लिहिली. ती वाचणारा माणूस केनेडी होता म्हणून निभावलं.

कवितेचं_पान
सगळे कथेवर बोलताय, कवितेची बाजू कुणीच मांडत नाही. मांडते.

१८२९ मध्ये वीस वर्षांच्या पोने फिलाडेल्फियाच्या 'केरी, ली अँड केरी' या मोठ्या प्रकाशकांकडे 'अल आराफ' ही दीर्घ कविता नेली. ते म्हणाले, तोटा झाला तर भरून द्यायला १०० डॉलरची हमी आणा. त्याने पालक जॉन अ‍ॅलन यांना पत्र लिहून हमी मागितली. अ‍ॅलन श्रीमंत व्यापारी. नकार आला, वर बोलणी. पुस्तक शेवटी बाल्टिमोरच्या दुसऱ्या प्रकाशकाने काढलं.

१८३१ मध्ये तिसरा संग्रह निघाला तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या मुलांच्या वर्गणीतून, दर डोई सव्वा डॉलर. मुलांना वाटलं होतं की हा आपल्या अधिकाऱ्यांची टर उडवणाऱ्या कविता छापणार, कारण कॅम्पात तो तशाच करून दाखवायचा. हातात आल्या गंभीर कविता. फार चिडली पोरं. आणि पुस्तकाची अर्पणपत्रिका त्यांच्याच नावे!

माझा पहिला संग्रह मी पदरमोड करून काढला. प्रकाशकाने आधी तीनशे प्रतींचे पैसे घेतले, मग छापला. ऑफिसातल्या सव्वीस जणांनी माझ्यासाठी प्रती घेतल्या. त्यातल्या एका बाईंनी वर्षभराने सांगितलं की त्यातली एक कविता त्यांनी देवघरात लावली आहे. वर्गणी देणाऱ्यांत असंही कुणी निघतं. वेस्ट पॉइंटच्या त्या मुलांत निदान एक तरी असा असेल, असं मला फार वाटतं.

सांजदिवा
+१ कवितेचं_पान. ती देवघरातली कविता इथे टाका ना.

उजवा_समास
आता कथासंग्रहाचं सांगतो, कारण हे ऐकून तुम्हाला हे आजचंच बोलणं वाटेल.

१८३६ मध्ये 'हार्पर अँड ब्रदर्स'ने पोच्या कथांचा संग्रह परत केला. कारणं तीन. बहुतेक कथा आधी छापून आल्या आहेत. सुट्या सुट्या गोष्टी आहेत, वाचकाला अख्ख्या पुस्तकात एकच सलग गोष्ट हवी असते. आणि या फार पंडिती, गूढ आहेत. मी माझ्या खुर्चीत बसून आठवड्यातून एकदा तरी म्हणतो, "कथासंग्रह जात नाहीत हो, कादंबरी असेल तर बघू." हे वाक्य १९० वर्षं जुनं आहे हे मला या धाग्यामुळे कळलं, आणि ते मी किती सहज बोलतो हेही. पोने ते ऐकलं बरं का. 'आर्थर गॉर्डन पिम' ही लांब गोष्ट लिहिली आणि त्याच हार्परने १८३८ मध्ये छापली.

मग 'ली अँड ब्लँचर्ड'ने दोन खंडांत पंचवीस कथा काढल्या, 'टेल्स ऑफ द ग्रोटेस्क अँड अरबेस्क', ७५० प्रती. अट काय? नफा सगळा प्रकाशकाचा. पोला कॉपीराइट आणि वाटायला काही प्रती. ऑगस्ट १८४१ मध्ये त्याने लिहिलं की आठ नव्या कथा घालून नवी आवृत्ती काढू, अटी त्याच ठेवा. म्हणजे पुन्हा फुकट! त्यांचं उत्तर आलं की पहिलीच आवृत्ती अजून संपलेली नाही.

त्यावर चार्ल्स डिकन्सचं पत्र. १८४२ च्या मार्चमध्ये डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, फिलाडेल्फियात पो त्यांना भेटला. इंग्लंडमध्ये संग्रहाला प्रकाशक शोधायचं डिकन्सनी कबूल केलं आणि शब्द पाळून खरंच विचारलं. नोव्हेंबरमध्ये कळवलं की अपरिचित लेखकाच्या सुट्या कथांना कुणी तयार नाही.

रानवारा
म्हणजे न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, लंडन आणि आप्पा बळवंत चौक, सगळीकडे एकच उत्तर.

माजघर
पण एवढा नावाजलेला लेखक, मासिकं त्याला पैसे का देत नव्हती? वाचकच नव्हते का?

उजवा_समास
वाचक भरपूर होते. अडचण कायद्यात होती. अमेरिकेत परदेशी लेखकाला कॉपीराइटच नव्हता. डिकन्सची नवी कादंबरी बोटीतून उतरली की छापखान्यात जायची, लेखकाला दमडी द्यायची नाही. मग तो प्रकाशक आपल्या माणसाला पैसे मोजून त्याच्या कथा का छापेल? डिकन्स त्याच दौऱ्यात या विषयावर जाहीर बोलले तर तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. हा कायदा बदलायला १८९१ उजाडलं. पो जाऊन तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती.

देशातल्या देशातही मासिकातली कविता दुसऱ्या वर्तमानपत्राने उचलायची पद्धतच होती. पोची 'द रेव्हन' (डोमकावळा) ही कविता जानेवारी १८४५ मध्ये 'इव्हिनिंग मिरर'मध्ये आली आणि बघता बघता देशभर छापली गेली. त्या छापण्याचे पोला काही नाहीत. त्या मे महिन्यात मित्राला, एफ. डब्ल्यू. थॉमसला, लिहिलेलं पत्र फार गोड आहे आणि फार वाईटही. 'द रेव्हन' जोरात धावतेय, मी ती धावण्यासाठीच लिहिली होती, 'द गोल्ड बग' (सोनेरी किडा) या कथेसारखीच, पण पाखराने किड्याला पार मागे टाकलं, असं म्हणतो. आणि त्याच पत्रात, मी आयुष्यात होतो तितकाच आजही गरीब आहे, फक्त आशेने सोडून.

सांजदिवा
अवांतर: पोचं अक्षर कसं होतं? वीस-पंचवीस पानांच्या कथा हाताने पुन्हा पुन्हा उतरवून काढायच्या म्हणजे हात मोडले असतील.

मेरीलँडकर
अक्षर देखणं होतं. १८३३ च्या स्पर्धेच्या परीक्षकांपैकी लॅट्रोब यांनी पुढे आठवण सांगितली की त्याची वही छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत लिहिलेली होती. नंतर तो अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून लांबच लांब गुंडाळी करायचा. कुंडलीसारखी! संपादकाने ती उलगडत वाचायची.

दुसऱ्यांच्या अक्षरांचंही त्याला वेड होतं. 'ऑटोग्राफी' नावाची मालिका चालवली, लेखकांच्या सह्या छापून त्यावरून स्वभाव सांगायचा.

खिळेजुळारी
सुट्या अक्षरांत लिहिलेलं हस्तलिखित म्हणजे खिळे जुळवणाऱ्यावर उपकार. आमच्याकडे एक कंपोझिटर होते, ते लेखकाचं नाव न बघता अक्षर बघून सांगायचे, "हे आधी लावतो, हे रात्री लावतो." स्वच्छ अक्षराची कथा लवकर छापली जायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कवितेचं_पान
@मेरीलँडकर, त्या स्पर्धेचा दुसरा भाग सांगितलाच नाहीत. पोने कवितापण पाठवली होती, 'द कॉलिझियम'. कवितेचं बक्षीस गेलं हेन्री विल्टन या नावाला. आणि हेन्री विल्टन म्हणजे टोपणनावाने लिहिणारे जॉन हेविट, खुद्द त्या साप्ताहिकाचेच संपादक! कथेचं बक्षीस पोला मिळालंय तर दोन्ही एकालाच नको, असा विचार परीक्षकांनी केला. पोचा हेविटशी रस्त्यात खटका उडाला.

काका, तुम्ही वर लेखकाच्या लबाडीचा मुद्दा काढलात. ही संपादकाची बाजूही त्याच पानावर लिहा.

खिळेजुळारी
लिहिली. आपल्याच साप्ताहिकाच्या स्पर्धेत टोपणनावाने उतरणं हे माझ्या लेखी ४ जूनच्या पत्रांपेक्षा वाईट आहे.

पिंपळपान
उशिरा आलो. सगळा धागा वाचला. एक सावधगिरीची सूचना करतो, कारण पोच्या पत्रांवर बोलताना ती करावीच लागते.

पो गेल्यावर त्याचं साहित्य संपादित केलं रूफस ग्रिझवोल्डने. हाच माणूस १८४२ मध्ये पोच्या जागी 'ग्रॅहम्स'मध्ये आला होता. पोच्या मृत्यूनंतर दोन दिवसांत त्याने 'लुडविग' या नावाने न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये विखारी मृत्युलेख लिहिला. पुढे १८५० मध्ये चरित्र लिहिताना पोची आपल्याला आलेली पत्रं छापली, आणि त्यांत स्वतःची स्तुती करणारी वाक्यं पोच्या तोंडी घुसडली. मूळ कागद आणि छापील मजकूर शेजारी ठेवून हे नीट उघड केलं आर्थर हॉब्सन क्विन यांनी, १९४१ च्या चरित्रात. जवळजवळ नव्वद वर्षं लोक ती वाक्यं पोचीच समजून वाचत होते आणि त्यावरून त्याला लाचार ठरवत होते. जॉन वॉर्ड ऑस्ट्रम यांची दोन खंडांतली पत्रं १९४८ ची, त्यामुळे निळी_शाई, तुम्ही वाचताय ते भरवशाचं आहे. पण पोबद्दल कुठेही "कृतघ्न", "लाळघोटा" असं वाचलंत तर आधी विचारा की हे कुठल्या पत्रावरून.

मला सगळ्यात जवळचं पत्र सांगतो. 'द टेल-टेल हार्ट' एका बॉस्टनच्या मासिकाने परत केली. संपादक टकरमन यांचा निरोप असा की पो महाशय जरा शांत स्वरूपाचं लिखाण देतील तर बरं. शांत! जेम्स रसेल लोवेल तेव्हा तेवीस वर्षांचा, 'द पायोनियर' हे स्वतःचं मासिक काढत होता. त्याने ती जानेवारी १८४३ च्या पहिल्याच अंकात घेतली. तीन अंकांत मासिक बुडालं. लोवेल कर्जात, त्यात डोळ्यांचं दुखणं. पोचे पैसे राहिले. मार्च १८४३ मध्ये पोने लोवेलला लिहिलं की तू मला देणं लागतोस त्या चार डॉलरांची क्षणभरही काळजी करू नकोस. मी गरीब आहे, पण ते मागायचा विचार मनात यायला मला याहून फार जास्त गरीब व्हावं लागेल.

(चार डॉलर म्हणजे आपण 'चार पैसे' म्हणतो तसं, आकडा नव्हे.)

माजघर
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरात बायको आजारी असताना!

टपालवाला
निळी_शाई ताई, शेवटी मारी रोजेचं काय झालं? दोघांपैकी कुणी उत्तर दिलं का?

निळी_शाई
दोघांपैकी कुणीच छापली नाही, काका. ती शेवटी न्यूयॉर्कच्या 'स्नोडेन्स लेडीज कंपॅनियन'मध्ये आली, नोव्हेंबर आणि डिसेंबर १८४२ आणि मग थेट फेब्रुवारी १८४३. जानेवारीचा भाग का चुकला याची गोष्ट वेगळीच आहे. मधल्या काळात मेरी रॉजर्स प्रकरणात नदीकाठच्या एका खानावळवालीचं नाव पुढे आलं आणि पोने मांडलेला उलगडाच डळमळला. १८४५ मध्ये पुस्तकात घेताना त्याने मजकुरात बारीक बदल करून घेतले. त्या पुस्तकातल्या बारा कथाही त्याने निवडल्या नव्हत्या, प्रकाशकाकडच्या वाचकाने आपल्या आवडीच्या, तर्काच्या कथा निवडल्या, अशी तक्रार त्याने पुढच्या वर्षी एका कवीमित्राला लिहिली आहे.

माझ्या प्रश्नाबद्दल. टपालवाल्या काकांनी विचारणा आणि हस्तलिखित यातला फरक दाखवला तेव्हा माझं अर्धं ओझं उतरलं. ते वाक्य मात्र मलाही टोचतं, अजूनही. पण पिंपळपान यांनी लोवेलच्या पत्राची आठवण दिली आणि मी तारखा पाहिल्या. जून १८४२ चं ते वाक्य आणि मार्च १८४३ चं हे वाक्य, मध्ये दहा महिने सुद्धा नाहीत.

पिंपळपान
स्नॉडग्रासचं एक राहिलं. धाग्यात त्यांचं नाव पहिल्या पोस्टपासून आहे म्हणून सांगतो.

३ ऑक्टोबर १८४९, बाल्टिमोर. निवडणुकीचा दिवस. एका दारूच्या गुत्त्यात, जिथे मतदान चालू होतं, पो भ्रमिष्ट अवस्थेत सापडला, अंगावर दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे. ज्या माणसाने त्याला ओळखलं तो जोसेफ वॉकर नावाचा 'बाल्टिमोर सन'चा कंपोझिटर होता. त्याने पोला विचारलं, गावात कुणी ओळखीचं आहे का? पोने नाव सांगितलं ते स्नॉडग्रासचं. वॉकरने तिथेच घाईघाईने चिठ्ठी लिहिली की इथे एक गृहस्थ फार हलाखीत आहेत, ते म्हणतात तुम्ही त्यांना ओळखता, मदतीची ताबडतोब गरज आहे. स्नॉडग्रास आले. चार दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, पो इस्पितळातच वारला.

खिळेजुळारी
कंपोझिटर होता हे मला माहीत नव्हतं.

मी त्या वाक्याला अजूनही लबाडी म्हणतो. पण माझं एक सांगायचं राहिलं होतं ते सांगतो. ज्या लेखकाची कथा दोन अंकांत आली, त्यांचं पहिलं पत्र आमच्याकडे मार्चमध्ये आलं होतं. दुसरं मेमध्ये, जोडकार्ड होतं, उत्तराचं कार्ड कोरं जोडलेलं. दोन्ही माझ्याच फायलीत होती. मी ऑगस्टमध्ये उत्तर दिलं.

निळी_शाई
काका, ते कोरं कार्ड अजून आहे का तुमच्याकडे?

खिळेजुळारी
आहे.